तरवडाचे दप्तर

परभणी जिल्ह्यात बियाण्याला जो मान आहे, तो इतरत्र फार तर सोन्याला किंवा पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयाला मिळत असेल. 18 मे 1972 रोजी येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाली, आणि त्याचा वर्धापनदिन ऐन वैशाखवणव्यात येत असल्यामुळे, ज्या दिवशी सुज्ञ माणसाने ओला पंचा डोक्यावर घेऊन माजघरात निपचित पडून राहावे, नेमक्या त्याच दिवशी दूरदूरचे शेतकरी खरीप मेळाव्यात बियाण्याच्या पिशवीसाठी रांगेत उभे राहिलेले दिसतात. त्या पिशवीच्या चिठ्ठीचा रंग हा प्रतिष्ठेचा विषय असतो. पैदासकार बियाण्याची चिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूत बियाण्याची पांढरी, प्रमाणित बियाण्याची निळी. 1966 च्या बियाणे कायद्याच्या छत्राखाली नांदणारी ही उतरंड येथील शेतकऱ्याला स्वतःच्या भाऊबंदांच्या वंशावळीपेक्षा अधिक मुखोद्गत असते, आणि ‘परभणी मोती’ या ज्वारीची स्तुती तो ज्या सुरात करतो तो सूर घरच्या माणसांच्या वाट्याला क्वचितच येतो.

अशा या बीजनिष्ठ जिल्ह्यात एखाद्या निवृत्त कारकुनाने रानातले बी गोळा करावे, ते निवडावे, पाखडावे आणि डब्यात भरून ठेवावे, यात कोणाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. परंतु ते बी तरवडाचे आहे असे कळताच माझ्या परिचितांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटू लागला, तो मी यापूर्वी फक्त एकदाच, आमच्या कचेरीतील एका सहकाऱ्याने साठाव्या वर्षी सतार शिकण्याचे जाहीर केले तेव्हा, पाहिला होता.

तरवड कोणाला ठाऊक नाही? काळ्या कसदार जमिनीची सद्दी जिथे संपते आणि मुरमाचा अंमल सुरू होतो त्या सरहद्दीवर, म्हणजे जिंतूरकडच्या डोंगरउतारांवर, गंगाखेडच्या बाजूला बालाघाटच्या पायथ्याशी, आणि ज्याला कोणी वाली नाही अशा प्रत्येक गायरानात, हे पुरुषभर उंचीचे झुडूप पिवळ्याधमक फुलांचे घोस मिरवीत उभे असते. परभणीला वाळवंट म्हणणे भूगोलाच्या दृष्टीने असत्य आहे आणि मे महिन्याच्या दृष्टीने अपुरे आहे. परंतु त्या महिन्यातही तरवडाचा पाला हिरवा राहतो, हे पाहून मत्सर वाटल्यावाचून राहत नाही. जिने कोवळ्या तुरीपासून भिंतीवरच्या जाहीर नोटिशीपर्यंत काहीही अभक्ष्य मानलेले नाही अशी शेळीसुद्धा त्याला सहसा तोंड लावीत नाही. माणसाने मात्र पिढ्यानपिढ्या त्याची साल काढून कातडी कमावली, नवरात्रात त्याच्या फुलांच्या माळा घटावर चढविल्या, त्याच्या काड्यांनी दात घासले, आणि गरज सरल्यावर त्याला पुन्हा माळावर सोडून दिले.

या उपेक्षेत राजकारणाचाही काही अंश आहे, असे माझे मत आहे. हा जिल्हा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; येथे जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याला अव्वल तालुकदार म्हणत आणि दप्तर उर्दूत चाले. 1956 साली राज्यपुनर्रचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलुगू मुलूख आंध्रात गेला, आणि तरवड दोन्हीकडे राहिला. पुढे तेलंगणाचे राज्य झाले तेव्हा 2014 साली त्यांनी याच तरवडाला, त्यांच्या भाषेत तंगेडूला, राज्यपुष्पाचा दर्जा दिला. बतुकम्माच्या सणात तेथील स्त्रिया त्याच फुलांचे थर रचतात. आमच्या महाराष्ट्राने तो मान ताम्हणाला दिला आहे. ताम्हण हा वृक्ष सुंदर आहे याविषयी वाद नाही. पण आमच्या माळावर तो कोणाच्या दृष्टीस पडल्याचे ऐकिवात नाही. तात्पर्य, एकाच संस्थानातून निघालेल्या दोन मुलखांपैकी एकीकडे तरवड सन्मानचिन्ह झाला आणि दुसरीकडे सरपण, आणि या अन्यायाविरुद्ध दाद कोणत्या न्यायालयात मागावी हे अद्याप ठरलेले नाही.

बी गोळा करण्याचे काम माघ-फाल्गुनात करावयाचे असते. तोपर्यंत शेंगा वाळून तपकिरी झालेल्या असतात. चपट्या, कागदासारख्या, बोटभर लांबीच्या, आणि आत डझन-दीड डझन बिया प्रत्येकी आपापल्या खोलीत दार लावून बसलेल्या. हिरव्या शेंगा तोडून घरी वाळविण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा, कारण अपक्व बी वाळते पण रुजत नाही. शेंगा कापडी पिशवीत भराव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्यांना घाम फुटतो आणि घामामागून बुरशी येते. आणि मुख्य म्हणजे एका झुडपावरच्या पक्व शेंगांपैकी पाचव्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये, उरलेले माळाचे आणि पाखरांचे समजावे, असा जगभरच्या बीजसंग्राहकांचा दंडक आहे. मराठेशाहीतली चौथाई आणि तिच्यावर सरदेशमुखीचा दहावा हिस्सा ज्यांना पाठ आहे, त्यांना हा पंचमांश फारच सौम्य वाटेल. पण मराठ्यांची चौथाई घेणाऱ्याच्या मागे घोडदळ असे; माझ्या मागे एक धनगराचा पोरगा आणि त्याची मेंढरे होती.

“काका, ह्येचं काय करायलात?” त्याने विचारले.

मी बी जमवतो आहे असे सांगितले.

“शुगरवर हाय म्हणा की!” असे म्हणून त्याने मला क्षमा केली, आणि आपल्या मामालाही ते सांगणार असल्याचे आश्वासन दिले.

ही मधुमेहाची बाब पुढे फारच त्रासदायक ठरली. तरवडाच्या फुलांचा काढा साखरेच्या रोगावर घेण्याची रूढी आपल्याकडे जुनी आहे, ती दक्षिणेत तर आणखीनच जुनी. परंतु माझ्या घरी तरवडाचे बी आहे ही वार्ता गल्लीत पसरल्यावर, ज्या गृहस्थांना मी वर्षानुवर्षे निरोगी समजत होतो त्यांच्या रक्तातील शर्करेचे आकडे मला रोज सकाळी ऐकावे लागू लागले. मूठमूठ बी मागणाऱ्यांना नाही म्हणण्याची विद्या सरकारी नोकरीत मी पूर्णपणे आत्मसात केली होती, पण ती टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसावर चालते, ओसरीवर येऊन चहा घेणाऱ्यावर चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नका, एवढे एकच वाक्य प्रत्येकाला ऐकवून मी त्यांची बोळवण करीत असे. त्यावर ते डॉक्टरांना न विचारता दुसऱ्या दिवशी पुन्हा येत.

पण बी गोळा करणे हा या व्यवहारातला केवळ सुखाचा भाग होय. खरी कसोटी निवडण्याची. शेंगा गोणपाटात घालून काठीने बडविल्या म्हणजे बी सुटते हे पुस्तकात वाचताना फार सोपे वाटते. प्रत्यक्षात बी सुटते त्याच्या चौपट फोलपट सुटते, आणि ते इतके हलके, इतके चिवट आणि इतके सर्वसंचारी असते, की बडवणे थांबवून तास लोटला तरी ते खोलीच्या मध्यावर तरंगत असलेले कवडशात दिसते. ते अंगरख्यात शिरते, चष्म्याच्या दांडीत अडकते, आणि रात्रीच्या वरणात पुन्हा भेटते. गोणपाटाच्या तळाशी मग जो ऐवज उरतो, त्यात बी, बियांचे तुकडे, काड्या, माळावरची माती, खडे, एखादी गोगलगायीची रिकामी शंखी आणि काही अत्यंत नाराज मुंग्या, अशी सरमिसळ असते.

येथे सुपाचे प्रकरण सुरू होते. सूप हातात धरणाऱ्या पुरुषाला आपल्या अज्ञानाची जेवढी लख्ख जाणीव होते तेवढी वेदान्ताच्या अध्ययनानेही होत नसेल. माझी अशी समजूत होती की सुपात धान्य घालून ते वरखाली हलवले की काम झाले. सौभाग्यवतींनी काही काळ हा प्रयोग दाराच्या चौकटीला टेकून मूकपणे पाहिला, आणि अखेर त्या म्हणाल्या, “अहो, तुम्ही पाखडताय का देवाला वारा घालताय?” त्यानंतर मला जे प्रात्यक्षिक मिळाले त्यावरून असे समजले, की पाखडणे निराळे, आसडणे निराळे आणि घोळणे निराळे; पाखडण्यात फोल पुढे उडते, आसडण्यात कण मागेपुढे होऊन जातवार लागतात, आणि घोळण्यात खडे एका कडेला असे जमतात, की जणू त्यांना तसा लेखी हुकूमच मिळाला आहे. हे सर्व मनगटाच्या अशा एका हालचालीने होते जी शिकविता येत नाही, फक्त आईकडून मुलीकडे जाते, आणि जी पुढच्या पिढीत बहुधा कोणाकडेच जाणार नाही, कारण दाण्यादाण्यातून फिरणाऱ्या डोळ्यांना आता पाकिटातले स्वच्छ धान्य मिळू लागले आहे. माझ्या मनगटातून मात्र फक्त बी उडाले, फोल सुपातच राहिले.

म्हणून मी उफणणीचा मार्ग स्वीकारला. खळ्यावर तिवईवर उभे राहून, वाऱ्याचा रोख पाहून, पाटीतले धान्य संथ धारेने सोडणारा शेतकरी ज्याने पाहिला आहे, त्याला ते कर्म किती भारदस्त दिसते हे ठाऊक आहे. खळे उपलब्ध नसल्यामुळे मी गच्चीवर तिवई मांडली. परभणीच्या वाऱ्याचा स्वभाव असा, की दिवसभर तो कोठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात फिरतीवर असतो आणि संध्याकाळी एकदम हजर होऊन मागील सर्व बाकी वसूल करतो. तसा तो त्या दिवशी आला. माझे फोल त्याने अत्यंत कार्यक्षमतेने बियांपासून वेगळे केले आणि शेजारच्या गच्चीवर, जेथे काकूंनी सकाळी घातलेल्या कुरडया अर्धवट ओल्या होत्या, तेथे समप्रमाणात वाटून दिले. काकूंनी आमच्या घरातल्यांना हाक मारून “वहिनी, जरा वर येऊन बघा बरं,” एवढेच म्हटले. पण त्यापुढे झालेला पंचनामा इतका तपशीलवार होता, की कुरडईगणिक फोलपटांची नोंद झाली, आणि नुकसानभरपाईदाखल आमच्या घरातील सांडग्यांचा एक डबा कायमचा त्या बाजूला वर्ग झाला.

फोल गेले, खडे गेले, तरी एक गुप्त घटक उरतोच. दिसायला बी साबूत, गोल, तुळतुळीत. पण नीट पाहिले तर एका बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे वाटोळे छिद्र. हे भुंगेऱ्याचे काम. शेंग अजून कोवळी असतानाच त्याची माता तिच्यावर अंडे घालते. अळी आत शिरून एकेक बी आपले घर करते, त्या घरातला सगळा माल खाऊन टाकते, आणि मोठी झाल्यावर भिंतीला नीटस खिडकी पाडून भुंगेऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. हैदराबाद राज्यात 1950 साली कूळकायदा झाला, आणि संरक्षित कुळाला हात लावण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाही, हे ज्यांच्या आजोबांच्या जमिनी गेल्या ते अजून सांगत असतात. भुंगेरा हे त्याहून प्राचीन कूळ आहे, ते खंड देत नाही, नोटीस घेत नाही, आणि शेवटी जमीन तर खातेच पण सातबाराही खाते. त्याला निष्कासित करण्याचा एक मार्ग म्हणजे बी पाण्यात टाकणे. भरीव बी तळाशी बसते, पोकळ बी तरंगते; वरचे ओतून द्यावे, खालचे लगेच सावलीत सुकवावे. पण ज्याच्या पोटात अळी अद्याप अर्धपोटीच आहे असे बी तळाशीच बसते आणि सज्जनांच्या पंक्तीतून थेट डब्यात जाते. झाकण घट्ट लावणारा गृहस्थ मग बियांबरोबर कुळालाही सुरक्षित बंदोबस्तात ठेवतो.

साठवण हा विषय निघाला, की आपल्याकडे मतभेद नसलेला माणूस सापडत नाही. एकाने सांगितले, गोवऱ्यांची राख मिसळा. दुसऱ्याने कडुलिंबाचा वाळलेला पाला सांगितला. आमच्या आत्याबाई, ज्यांनी कणग्या, बळदे आणि जमिनीतली पेवे प्रत्यक्ष पाहिली आहेत, त्या म्हणाल्या, “बिब्बे टाक रे चार, आणि मडक्याचं तोंड शेणानं लिंप,” आणि हा सल्ला इतरांपेक्षा वाईट होता असे मला आजही वाटत नाही, कारण त्यात बी कोरडे ठेवावे आणि हवा आत जाऊ देऊ नये ही दोन्ही तत्त्वे आली. आधुनिक शास्त्र निराळे काय सांगते? हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा आहे: बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी करा, त्यांचे आयुष्य दुप्पट होते, साठवणीचे तापमान सुमारे पाच अंश सेल्सिअसने उतरवा, ते पुन्हा दुप्पट होते. हा हिशेब वाचल्यावर कोणत्याही माणसाची नजर स्वाभाविकपणे स्वयंपाकघरातल्या फ्रीजकडे वळते.

तेथे मला हक्कसंबंधांची पूर्ण जाणीव करून देण्यात आली. फ्रीजमधला प्रत्येक कप्पा वहिवाटीने कोणाचा ना कोणाचा होता: दाराचा कप्पा नातवाच्या चॉकलेटांचा, खालचा भाजीचा, आणि मधला, विरजणाचा, तर देवस्थानच्या इनामासारखा हस्तांतरणास अपात्र. मला अखेरीस कोपऱ्यात एका बाटलीपुरती जागा मिळाली, तीही ‘तोंडी व तात्पुरती’. ओलावा शोषून घेण्यासाठी बाटलीच्या तळाशी कोरडे भाजलेले तांदूळ कापडाच्या पुरचुंडीत घालावेत असे वाचून मी ते भाजून निवत ठेवले; परत येऊन पाहतो तो ते थालीपिठाच्या भाजणीत सामील झाले होते, आणि भाजणी गिरणीत गेली होती. नव्या चपलांच्या खोक्यात निघणाऱ्या पुड्या मग कामी आल्या.

बाटलीवरची चिठ्ठी माझ्या एका मित्राने लिहिली. हे मित्र नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले असून कागद पाहिल्याशिवाय त्यांचा कोणत्याही वस्तूच्या अस्तित्वावर विश्वास बसत नाही. बी कोणत्या मौजाच्या शिवारातले, जमीन मुरमाड की बरड, किती झुडपांवरचे, कोणत्या तिथीस तोडले, कोणी तोडले, साफ केल्याचा दिनांक, ठेव ठेवल्याचा दिनांक, शेरा: हे सर्व त्यांनी बारीक वळणदार अक्षरात लिहिले, आणि बाटलीवर जागा उरली नाही म्हणून पुरवणी जोडली. जगातली कोणतीही बीजपेढी याहून निराळे काही लिहीत नाही. चिठ्ठीवाचून बी हे बेवारस असते. ते कोणत्या माळाचे हे ठाऊक नसेल तर पुन्हा त्याच माळावर पेरण्यातली गंमतच निघून जाते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी हे सर्व उपद्व्याप झाल्यावर माझ्या वाचनात आली. राख, बिब्बे, फ्रीज, पुड्या, पुरवणी-चिठ्ठी, यांपैकी कशाचीच तरवडाच्या बियांना फारशी निकड नसते. त्याचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरतच नाही. या द्विदल घराण्यातल्या काही बियांना तर बेंबीपाशी एक झडप असते. 1954 साली न्यूझीलंडच्या हाइड या संशोधकाने क्लोव्हर आणि ल्युपिन यांच्या बियांत दाखवून दिले, की बाहेरची हवा कोरडी असेल तर ती झडप उघडून आतला ओलावा बाहेर सोडते आणि हवा दमट झाली की मिटते. म्हणजे बी आपोआप वाळत जाते, आणि एकदा वाळले की कोणाचे ऐकत नाही. पॅरिसच्या संग्रहालयात तरवडाच्याच गोत्रातल्या एका जातीचे 1776 साली गोळा केलेले बी पडून होते. बेकरेल या शास्त्रज्ञाने 1934 साली ते रुजत घातले, आणि ते रुजले. 158 वर्षे! त्यात फ्रेंच राज्यक्रांती झाली, नेपोलियन आला आणि गेला, इकडे पेशवाई बुडाली. लंडनमधल्या संग्रहालयात 1793 साली चीनमधून आणलेले शिरीषाच्या जातीचे बी होते. 1940 साली तेथे बाँब पडला, आग विझविण्यासाठी पाण्याचे फवारे मारले, आणि 147 वर्षे कपाटात निवांत पडलेल्या त्या बियांनी, आता आपली पाळी आली असे समजून, मोड काढले.

उलट ज्याला ते आत्ताच रुजवायचे आहे त्याची कोण तारांबळ! कवच वाळूने घासा, नखकात्रीने टवका काढा, नाहीतर पाणी उकळून चुलीवरून उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर तसेच निवू द्या. सकाळी जे टम्म फुगेल ते पेरावे, जे फुगणार नाही त्याला पुन्हा तोच अभिषेक. मी हा प्रयोग केला तेव्हा काही फुगले, आणि बाकीचे पातेल्याच्या तळाशी असे निर्विकार पडून राहिले, की पाणी उकळते होते की नाही याचीच मला शंका आली. सौभाग्यवती म्हणाल्या, “यापेक्षा हरभरे घातले असते तर निदान उसळ झाली असती.”

न फुगलेले बी मी सुकवून पुन्हा बाटलीत घातले, आणि नायब तहसीलदारांनी शेऱ्याच्या रकान्यात ‘एक वेळ उकळत्या पाण्यातून काढले, परिणाम शून्य’ अशी नोंद केली. त्या दिवसापासून मात्र त्यांना पॅरिसच्या त्या बियांनी झपाटले आहे. त्यांचे म्हणणे असे, की ज्या ऐवजाचे आयुष्य दीडशे वर्षांचे असू शकते तो एका सत्तरीच्या माणसाच्या नावावर राहणे दप्तराच्या दृष्टीने गैर आहे. वारसनोंद आताच झाली पाहिजे. त्याप्रमाणे त्यांनी मसुदा तयार केला आहे: ‘मौजे परभणी येथील एक बाटली, चतुःसीमा पूर्वेस लोणच्याची बरणी, पश्चिमेस विरजण, दक्षिणेस दाराचा कप्पा, उत्तरेस फ्रीजची भिंत, त्यातील जंगम ऐवज तरवड-बी, झाकणासह,’ धारक म्हणून पुण्याच्या नातवाचे नाव, आणि तो सज्ञान होईपर्यंत अज्ञान पालनकर्ता म्हणून मी. नातवाला फोनवर संमती विचारली, तेव्हा त्याने चॉकलेटांचा कप्पा अबाधित राहील या अटीवर ती दिली. काकूंची हरकत नाही, फक्त उफणणी यापुढे कुरडयांच्या मोसमात होणार नाही असे एक कलम त्यांना हवे आहे. आत्याबाईंनी साक्षीदार म्हणून अंगठा उमटविण्याचे मान्य केले आहे, जरी त्यांना उत्तम सही करता येते. राहता राहिला मुद्रांक. तो किती रुपयांचा लावावा, यावर मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही.